काडतुसाचा अर्धाच धडा

१८५७ च्या उठावाचा पाठ आपल्या विद्यार्थ्याला शाळेत दोन-तीनदा तरी भेटतो आणि प्रत्येक वेळी त्यात एक मजकूर ठरलेला असतो. नव्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली असे, ती काडतुसे दातांनी तोडावी लागत, म्हणून हिंदू आणि मुसलमान शिपाई बिथरले. पुस्तकागणिक शब्द थोडे बदलतात, आशय तोच राहतो. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके, पंधरा ऑगस्टची भाषणे, सगळीकडे तो असाच आढळतो. मुले तो पाठ करतात आणि त्यावर दोन गुण मिळवतात.

हा मजकूर पुरेसा आहे की नाही, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. माझी तक्रार इतिहासाची नाही, विज्ञानाची आहे. मिश्रधातूंवर काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य वाचताच एक प्रश्न पडतो : काडतुसाला चरबी लागतेच कशाला? बंदूक म्हणजे काही बैलगाडीचा आस नव्हे. त्याआधी शंभर वर्षे कंपनीचे शिपाई बंदुका चालवत होते. कागदी काडतूस दातांनी फाडणे ही जुनीच रीत होती आणि त्या काडतुसांना चरबी लागत नव्हती. मग १८५७ मध्येच ती का लागू लागली? हा प्रश्न आमची पुस्तके विचारत नाहीत. तो विचारला नाही की बाकीचा धडा कोसळतो. चरबी लावण्यामागे एक तर इंग्रजांचा दुष्टपणा उरतो, नाही तर शिपायांचा भोळेपणा. दोन्ही उत्तरे मुलांच्या मनात पक्की बसतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

फटीची अडचण

शिपायांची जुनी बंदूक आतून गुळगुळीत नळीची होती. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीपेक्षा बरीच लहान ठेवत. त्यामुळे भरणे सोपे होई, पण उडताना गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा आपटा ज्या बाजूला बसेल त्या बाजूला जाई. शंभर मीटरच्या पुढे अशा बंदुकीच्या नेमाचा भरवसा नसे.

नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या तर गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते आणि भोवऱ्याप्रमाणे ती आपल्या अक्षावर स्थिर राहते, हे युरोपात फार पूर्वीपासून ठाऊक होते. अशा खाचांच्या बंदुकीला रायफल म्हणतात. पण गोळीने खाचा धरायच्या तर ती नळीत घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट गोळी तोंडातून ठोकत-ठोकत आत घालायला वेळ लागतो. सैल गोळी चटकन भरता येते पण फिरत नाही, घट्ट गोळी फिरते पण चटकन भरता येत नाही. ही कोंडी सुटेपर्यंत रायफल हे शिकाऱ्याचे आणि थोड्या निवडक सैनिकांचे हत्यार राहिले.

कोंडी फुटली ती एका साध्या कल्पनेने. गोळी भरताना सैल असावी आणि उडताना घट्ट व्हावी. १८४९ साली फ्रान्सच्या मिनिये या लष्करी अधिकाऱ्याची गोळी प्रसिद्ध झाली. ती लांबट असून बुडाशी पोकळ होती. दारू पेटली की वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, गोळीचे बूड फुलते आणि खाचांमध्ये जाऊन बसते. या कल्पनेच्या पूर्वजांत नॉर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घेतात. दक्षिण भारतात असताना त्याने फुंकनळीतून बाण मारणारे लोक पाहिले. त्या बाणांच्या बुडाला लावलेला मऊ गर फुंकरीबरोबर फुलून नळी बंद करतो, हे त्याच्या ध्यानात आले, असे सांगतात. ज्या काडतुसाने हिंदुस्थानात आग लावली, त्याच्या गोळीच्या वंशावळीत हिंदुस्थानातलीच फुंकनळी असावी, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे.

याचे अगदी घरगुती उदाहरण म्हणजे सायकलचा हातपंप. माधवनगरच्या शाळेत निम्मी मुले सायकलने येत असतील, तर तीच गोष्ट सांगलीची, मिरजेची. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. दांडा ओढताना तो सैल राहतो. दाबताना हवेचा दाब वाटीत शिरून तिची कड फाकवतो आणि नळी बंद होते. वॉशर वाळून कडक झाला की पंप मारूनही हवा जात नाही. मग सायकलवाला तेलाचे दोन थेंब सोडतो, चामडे मऊ होते आणि पंप पुन्हा चालू लागतो. मऊपणा आणि वंगण या दोन गोष्टी पंपाला लागतात, आणि १८५७ च्या गोळीलाही त्याच दोन लागत होत्या.

शिसे मऊच का हवे

एन्फिल्ड रायफलच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर होता. तिच्या सुरुवातीच्या गोळीचा व्यास ०.५६८ इंच, म्हणजे १४.४३ मिलिमीटर. दोहोंतला फरक सुमारे ०.२३ मिलिमीटर, म्हणजे गोळीच्या प्रत्येक बाजूला जेमतेम ०.११ मिलिमीटर फट. वहीच्या शंभर पानांची जाडी पट्टीने मोजून शंभरने भागावी. उत्तर साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढी फट! हा योगायोग नव्हता. गोळीभोवती कागदाचे वेष्टन ठेवूनच ती नळीत जायची. कागद ही फट भरून काढी, गोळी नळीच्या मधोमध राखी आणि शिसे लोखंडावर घासू देत नसे. नळीबाहेर पडल्यावर कागदाचे तुकडे गळून जात.

आता धातूची निवड. गोळी फुलायची असेल तर ती शुद्ध शिशाचीच हवी. शुद्ध शिशाची कठिनता ब्रिनेल मापावर चार ते पाच भरते. त्यात थोडे कथील मिसळले, वीस भागांना एक भाग, तरी ती साधारण दुप्पट होते. अँटिमनी घातले की ती आणखी झपाट्याने वाढते. शिसे, अँटिमनी आणि कथील यांपासून छापखान्याचे खिळे ओतत. खिळ्यांची छपाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो धातू किती टणक असे हे आठवेल. शिशावर नखाचा ओरखडा उठतो, खिळ्यावर तो तितका सहज उठत नाही. मोटारीच्या बॅटरीतल्या पट्ट्यांनाही ताठपणा यावा म्हणून त्यात अँटिमनी घालत आले आहेत.

असे का होते? शिशाच्या स्फटिकात अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. परक्या आकाराचे अणू मध्ये आले की थरांना अडखळायला होते. रांगेतून चालणाऱ्या मुलांत मध्येच एक उंट उभा करावा तसे. अशा कडक मिश्रधातूची गोळी एन्फिल्डमध्ये घातली तर दारूच्या दाबाने तिचे बूड पुरेसे फुलणार नाही. वायू बाजूने निसटेल, खाचा धरल्या जाणार नाहीत आणि एवढ्या खटाटोपाने केलेली रायफल जुन्या गुळगुळीत नळीसारखीच वागेल. याचा अर्थ शुद्ध शिसे सर्वांत उत्तम असा मात्र नव्हे. उत्तम धातू असा काही नसतोच. कोणत्या कामाला, हे विचारावे लागते. एन्फिल्डच्या खाचांना एक पूर्ण वळसा घ्यायला ७८ इंच, म्हणजे जवळजवळ दोन मीटर लागत. सेकंदाला ३५० ते ४०० मीटर वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला पावणेदोनशे ते दोनशे फेरे घेई. १८७१ साली ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिची नळी अरुंद, गोळी लांब, दारू अधिक आणि वळसा फक्त २२ इंचांचा. एवढ्या जोराच्या फिरकीला मऊ शिसे टिकले नसते. खाचांनी ते सोलून काढले असते. म्हणून तिच्या गोळीत १२ भाग शिशाला एक भाग कथील घातले आणि तिलाही कागदाचे वेष्टन ठेवले. कागद तोच, पण दाब बदलला, फिरकी बदलली, म्हणून धातू बदलला. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला पदार्थाचे गुणधर्म शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

चरबी येते ती इथे

काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही, घनरूपात मागे राहतो. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे ते क्षार असतात. त्यातले बरेचसे धूर होऊन बाहेर जातात, पण काही नळीत चिकटतात. ओलसर हवेत हा थर पाणी शोषून चिकट होतो, कोरड्या उन्हाळ्यात टणक पापुद्रा धरतो. ०.११ मिलिमीटरच्या फटीत असा पापुद्रा बसला की पाच-दहा बारांनंतर गोळी आत जाईनाशी होते. जुन्या सैल गोळीला ही अडचण जाणवत नसे. फट लहान झाली आणि अडचण मोठी झाली. हा थर मऊ राखण्यासाठी गोळीवरच्या कागदाला वंगण लावणे भाग पडले.

एवढी साखळी मुलांसमोर मांडली की चरबी आकाशातून पडत नाही. दूरचा नेम हवा म्हणून फिरकी, फिरकीसाठी फुलणारी गोळी, फुलण्यासाठी मऊ शिसे आणि अरुंद फट, अरुंद फटीसाठी वंगण. प्रत्येक कडी आधीच्या कडीतून निघते. पण साखळीच्या शेवटी 'वंगण' येते, 'गाईची किंवा डुकराची चरबी' येत नाही. विज्ञानाची गरज वंगणापाशी संपते. त्यापुढची निवड माणसांची होती, आणि जबाबदारीचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. गाईची चरबी ४० ते ४८ अंशांच्या दरम्यान वितळते, डुकराची त्याहूनही लवकर मऊ पडते. उत्तरेकडच्या मे महिन्यात उन्हात लटकणाऱ्या कातडी पिशवीत काय राहील, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यात चरबीतली मेदाम्ले शिशाशी संयोग पावून पांढरट थर धरतात आणि गोळी फुगल्यासारखी होते, तो दोष वेगळाच. पुढे ब्रिटिशांनीही वंगणात मेणाचे प्रमाण वाढवले. मार्टिनी-हेन्रीच्या पितळी काडतुसात तर गोळीमागे मेणाचीच चकती बसवलेली असे. म्हणजे ज्या पदार्थाने कुणाचा धर्म बुडाला नसता, तोच तांत्रिकदृष्ट्याही सरस होता. स्वस्त आणि हाताशी म्हणून चरबी वापरली गेली.

पुस्तकांची दुसरी चूक

दातांनी चरबी तोडावी लागे, हे चित्रही तपासून घ्यावे. एन्फिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची नळी. तिच्या एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. वंगण लावलेले असे ते गोळीच्या टोकाला. शिपाई दारूचे टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती, मग काडतूस उलटे करून वंगणाचे टोक नळीत खुपसी आणि उरलेला कागद तोडून टाकी. कागदावर पाहिले तर तोंड आणि चरबी यांची गाठ पडत नाही.

यावरून शिपायांचा आक्षेपच खोटा होता, असा निष्कर्ष काही इंग्रज लेखकांनी काढला. तो टिकत नाही. हाताला चरबी लागणारच, तोच हात पुढच्या काडतुसाला आणि तोंडाला लागणार. शिवाय उन्हात पातळ झालेली चरबी कागदातून वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते तशी. नकाशावर सीमा आखली म्हणून वितळलेले तूप ती पाळत नाही.

तिसरी आणि गंभीर चूक

'अफवा पसरली' आणि 'शिपायांच्या धर्मभोळेपणामुळे' असे शब्दप्रयोग आमच्या लिखाणात सर्रास येतात. माझा मुख्य आक्षेप यावर आहे, कारण इथे आपण मुलांना विज्ञानवृत्तीचा चुकीचा नमुना दाखवतो.

आधी सरकारी बाजू पाहा. ही काडतुसे १८५३ सालीच हिंदुस्थानात पाठवली गेली होती. इथल्या हवेत वंगण टिकते का, हे पाहण्यासाठी ती शिपायांच्याच पिशव्यांतून फिरवण्यात आली. त्याच वर्षी कर्नल टकर या वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता, की वंगण कशाचे आहे याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. प्रयोग तापमानाचा झाला, इशारा फायलीत राहिला. पुढे कलकत्त्याजवळ काडतुसे तयार करताना चरबीचा मक्ता दिला गेला, तेव्हा ती कोणत्या प्राण्याची असावी हे पाहिले गेले नव्हते. चौकशीत सरकारलाही ते मान्य करावे लागले. म्हणजे 'ही चरबी गाईची नाही ना?' या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर जानेवारी १८५७ मध्ये खुद्द सरकारपाशी नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नाही, त्या प्रश्नाला अफवा म्हणता येत नाही.

आता शिपायांची बाजू. जानेवारीअखेर शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा देण्यात आली. तेव्हा शंका कागदाकडे वळली. नवा कागद जुन्यापेक्षा चकचकीत होता. ६ फेब्रुवारी १८५७ रोजी बराकपूरला चौकशी बसली. तिथे शिपायांकडून सांगण्यात आले, की आम्ही कागद पाण्यात भिजवून मग जाळून पाहिला. तो तडतडला आणि त्याला चरबीसारखा वास आला. सरकारी रसायन परीक्षकाने कागद तपासून त्यात चरबी नसल्याचा अहवाल दिला.

या प्रसंगाकडे विज्ञानशिक्षकाने थांबून पाहावे. ज्यांना आपण धर्मभोळे म्हणतो त्यांनी प्रयोग केला होता! त्यांना शंका आली, त्यांनी चाचणी योजली, निरीक्षण नोंदवले आणि साक्षीत सांगितले. प्रयोगात दोष होता, तो विद्यार्थ्यांनीच शोधावा. भिजवलेला कोणताही कागद जळताना तडतडतो, कारण आतले पाणी वाफ होऊन फुटते. जुना, निर्वेध कागदही तसाच भिजवून जाळला असता तर फरक कळला असता. म्हणजे उणीव बुद्धीची नव्हती, तुलनेच्या नमुन्याची होती. ती उणीव आपल्या विज्ञान प्रदर्शनांतल्या निम्म्या प्रकल्पांत आजही असते.

आणि रसायन परीक्षकाचे काय? त्याचा निष्कर्ष बरोबर होता, पण तो कुणालाच पटला नाही. तपासणी शिपायांच्या नजरेआड झाली, करणारा सरकारचा नोकर, निकाल सरकारच्या सोयीचा. त्याच मैदानात, शिपायांच्या हातून, जुना आणि नवा कागद शेजारी-शेजारी तपासला असता तर? उठाव टळला असता असे मी म्हणणार नाही. पण बरोबर निष्कर्ष आणि विश्वासार्ह निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगातून जितके लख्ख दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. २४ एप्रिलला मेरठच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी जी काडतुसे नाकारली, ती तर जुन्या, बिनचरबीच्या बनावटीची होती. तोवर प्रश्न वंगणाचा राहिलाच नव्हता, सांगणाऱ्याच्या शब्दाचा झाला होता.

इतिहासाच्या बाजूने

इतिहासाचे शिक्षक म्हणतील, आम्ही काडतुसाला नाही तरी दुय्यमच मानतो. ते बरोबर आहे, आणि आपल्या भागातल्या शिक्षकांना ते सर्वांआधी कळावे. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले. रंगो बापूजी त्या गादीसाठी लंडनमध्ये चौदा वर्षे झगडून रिकाम्या हाताने परतले होते. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर ज्या १७ जणांना देहदंड झाला, त्यांचे दुःख चरबीत मावणारे नव्हते. माधवनगरहून तासा-दीड तासाच्या वाटेवरच्या कोल्हापुरात ३१ जुलैच्या रात्री २७ वी पलटण उठली, तिचाही उलगडा एका काडतुसाने होत नाही. सावरकरांनी आपल्या ग्रंथात काडतुसांना मूळ कारण मानणाऱ्यांचा समाचार घेतला, तो याच मुद्द्यावर.

पण दुय्यम म्हणून चुकीचे सांगावे, असे होत नाही. काडतूस सांगायचेच असेल तर पुरते सांगावे. त्याचा शेवटही सांगावा. उठाव मोडल्यावर १८५८ मध्ये देशी पलटणींसाठी जी नवी बंदूक ठरली, ती बाहेरून एन्फिल्डसारखी, पण आतून बिनखाचांची, गुळगुळीत होती. शिपायांच्या हाती दूरचा नेम नको, हा निर्णय कुठल्याही रसायनशास्त्राने दिला नव्हता.

वर्गात काय करता येईल

बंदुकीच्या दारूचा किंवा शिसे वितळवण्याचा कोणताही प्रयोग शाळेत करू नये. शिसे विषारी आहे. त्याचा तुकडा शिक्षकांनीच दाखवावा, कागदावर ओढून त्याची करडी रेघ दाखवावी आणि हात धुवावेत. 'शिसपेन्सिल' हे नाव कशामुळे पडले असेल, याचाही उलगडा तेव्हा होईल. बाकी प्रयोग निर्धोक आहेत. चार सारख्या कागदांवर पाणी, शेंगदाण्याचे तेल, तूप आणि वितळलेले मेण यांचा एकेक थेंब टाकावा, पाचवा कागद कोरा ठेवावा. तासाभराने सगळे कागद उजेडासमोर धरावेत. पाण्याचा डाग गेलेला असेल, बाकीचे पारभासक राहतील. बराकपूरला ही चाचणी काही पैशांत झाली असती. दोन परीक्षानळ्यांत तूप आणि मेण घालून त्या पाण्यात तापवाव्यात आणि तापमान नोंदवावे. सायकलचा पंप उघडून वॉशर दाखवावा. मग मुलांनाच विचारावे : तुम्ही १८५७ साली वंगण निवडणारे अधिकारी असता, तर काय निवडले असते, आणि ते योग्य आहे हे शिपायांना कसे पटवले असते?

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. तो जुनाही झालेला नाही. औषधाच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते, हे कळल्यावर रुग्ण विचारतोच, की कोणत्या जनावराचे? लस टोचताना आई विचारते, यात काय आहे? अशा वेळी 'अंधश्रद्धा आहे' म्हणून मोकळे होणारा विज्ञानवादी त्या १८५७ च्या अधिकाऱ्याच्याच खुर्चीत बसलेला असतो. २००१ पासून आपल्याकडे शाकाहारी खाद्यपदार्थांच्या पुड्यावर हिरवा ठिपका छापणे आले. पुड्यात काय आहे ते न विचारताही कळावे, एवढीच त्या ठिपक्यामागची सभ्यता आहे. काडतुसाच्या पेटीवर तेवढे लिहिण्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

पाठ्यपुस्तक मंडळींना त्या ठरलेल्या मजकुरात फार मोठी दुरुस्ती करावी लागणार नाही. वंगण का लागले याचे एक वाक्य, ते कशाचे आहे हे पाहण्याचे कुणी मनावर घेतले नाही याचे दुसरे, आणि शिपायांनी कागद जाळून पाहिला याचे तिसरे. तीन वाक्यांना अर्धे पान पुरते. पुस्तक बदलेपर्यंत ही तीन वाक्ये शिक्षकांनी तोंडी सांगायला हरकत नाही.